३८ नथी आणि तोट्याचे पेढे: हाताने घडवलेले दागिने प्रदर्शनात आणि ऑनलाइन कसे विकावेत

पहिल्या प्रदर्शनाहून परतताना मी पेढे घेऊन आले होते. डोंबिवलीतल्या एका हॉलमध्ये दोन दिवस स्टॉल, ३८ नथी विकल्या गेलेल्या, पर्स नोटांनी फुगलेली. आठवड्याने नवऱ्याने वही पुढ्यात सरकवली आणि विचारलं, ‘यात स्टॉलचं भाडं कुठे लिहिलंयस?’ ते लिहिलं. टेम्पो लिहिला, दोन दिवसांचं जेवणखाण लिहिलं, मदतीला आलेल्या मुलीचे पैसे लिहिले. माझे स्वतःचे रात्रीचे तास तर कुठेच नव्हते. पेढ्यांसकट सगळं तोट्यात गेलं होतं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हाचे भाव आज उपयोगाचे नाहीत, म्हणून खालचे आकडे आजच्या अंदाजाचे धरले आहेत. तुमच्या गावात थोडे कमीजास्त होतील. दागिने बनवता येतात, मैत्रिणी ‘किती छान’ म्हणतात, आता विकायचे कसे, एवढाच प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एकच जिन्नस धरा

नवीन माणूस स्टॉलवर सगळं मांडतो: टेराकोटाचे झुमके, ऑक्सिडाइज्डचे हार, रेझिनची पेंडंट, दोन तन्मणी, एक ठुशी. समोरून जाणाऱ्याला कळत नाही की या बाईची खासियत काय. मी सुरुवातीची तीन वर्षं हेच केलं. मग फक्त मोत्याच्या पारंपरिक दागिन्यांवर आले: नथ, बुगडी, कुड्या, चिंचपेटी, तन्मणी. जानेवारीपुरते हलव्याचे दागिने, त्याबद्दल शेवटी. आता लोक मला ‘त्या नथवाल्या’ म्हणून ओळखतात.

निवड करताना दोन गोष्टी बघा. तो दागिना घालायला निमित्त किती वेळा येतं, आणि तो बनवायला तुम्हाला किती मिनिटं लागतात. घड्याळ लावून मोजा. एका तन्मणीला मला तीन तास लागतात, नथीला पाऊण तास. स्टॉलवर नजर खेचायला तन्मणी हवीच, पण घर चालतं नथीवर.

नवीन नमुना तयार झाला की तो आधी मी घालते. नथ नाकात अडकवून चार तास घरातली सगळी कामं, स्वयंपाकसुद्धा. टोचली, सैल झाली किंवा नाक लाल झालं की नमुना परत टेबलावर. मंगळागौरीला बायका तीन-चार तास झिम्मा-फुगड्या खेळतात. तिथे तुमची नथ पडली तर ती गोष्ट अख्ख्या सोसायटीला कळते.

सामान

मुंबईत भुलेश्वर आणि पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळी इथे मोती, मणी, तार, खडे, डब्या सगळं मिळतं. पहिल्यांदा जाताना ठरावीक पैसेच घेऊन जा, नाहीतर चार वर्षांचे मणी घरी येतात. माझ्याकडे अजून एक बरणीभर जांभळे खडे आहेत. जांभळी नथ कोणी मागत नाही.

तारेचा गेज, म्हणजे जाडीचा आकडा, जितका मोठा तितकी तार बारीक. नथीच्या सांगाड्याला मी २० गेज वापरते, मोती गुंफायला २८. काचेचे मोती जड पण देखणे, प्लास्टिकचे हलके आणि लवकर उघडे पडणारे. दोन्हींवरचा थर अत्तराने आणि घामाने सुटतो. म्हणून प्रत्येक डबीत चार ओळींची चिठ्ठी घाला: आधी अत्तर, मग दागिना, वापरून झाल्यावर मऊ सुती कापडाने पुसा, पाण्यात घालू नका. चिठ्ठी द्यायला लागल्यापासून तक्रारीचे फोन निम्म्यावर आले.

कानात आणि नाकात जाणाऱ्या तारेला काटकसर करू नका. पुष्कळ जणींना निकेलची ॲलर्जी असते. कडी चांदीची किंवा सर्जिकल स्टीलची ठेवा, आणि तसं कार्डावर लिहा. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण असतं. नावामुळे फसून तुम्ही ते चांदी म्हणून विकलंत तर बाजारात तोंड दाखवायला जागा राहत नाही. खरी चांदी वापरणार असाल तर ९२५ म्हणजे ९२.५ टक्के चांदी, एवढं गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे आणि तुमच्या खरेदीची पावती तुमच्याकडे असली पाहिजे.

किंमत: इथे घाई करू नका

बहुतेक जणी शेजारच्या स्टॉलवर काय भाव आहे ते बघतात आणि वीस रुपये कमी लावतात. शेजारच्या स्टॉलवरची नथ कारखान्यात शेकड्याने बनलेली असते. तिच्याशी भावात झुंजायला गेलात तर हरणार.

एका नथीचा हिशेब मांडून दाखवते. मोती २२ रुपये, तार ८, खडे १२, दाबाचा (न टोचलेल्या नाकावर बसणारा) सांगाडा १८. झाले ६०. मोडतोड आणि वाया जाणारं सामान म्हणून त्यावर दहा टक्के, ६ रुपये. माझी पाऊण तासाची मजुरी तासाला १२० रुपयांनी ९०. डबी, कार्ड, पिशवी २२. इथवर १७८ रुपये. फोनचं बिल, दिव्याचं बिल, बोथट झालेले कटर, फुकट करून दिलेल्या दुरुस्त्या हा सगळा वरखर्च महिन्याच्या नगांत वाटला की नगामागे साधारण ४० पडतात. म्हणजे नथ घरातून बाहेर पडताना २१८ रुपयांची झाली. स्टॉलचं भाडं यात अजून आलेलंच नाही.

आता दोन दिवसांचं प्रदर्शन घ्या. भाडं ५,०००, येणं-जाणं आणि खाणं १,५००, मदतनीस १,०००. एकूण ७,५००. नथ ३०० रुपयांना विकलीत तर नगामागे ८२ रुपये उरतात, आणि नुसता स्टॉलचा खर्च वसूल व्हायला ९२ नथी विकाव्या लागतात. तीच नथ ४०० ला विकलीत तर १८२ उरतात आणि ४२ नथींत खर्च निघतो. मी त्या पहिल्या वेळी ३८ विकून पेढे वाटले होते, ते का चुकलं हे आता तुम्हालाही दिसेल.

‘पण चारशेला कोण घेणार?’ हा प्रश्न मलाही पडला होता. घेतात. ३०० रुपये म्हटल्यावर बाई ‘बाजारात दीडशेला मिळते’ म्हणते, ४०० म्हटल्यावर नथ हातात घेऊन उलटसुलट बघते. मागची बाजू नीट असेल, तारेची टोकं आत वळवलेली असतील, तर ती पैसे देते. मागची बाजू नीट नसेल तर ३०० सुद्धा जास्तच.

एखादं बुटीक म्हणेल, ‘आमच्याकडे ठेवा, विकलं की पैसे देऊ.’ कमिशन ३५ टक्के धरलं तर ४०० च्या नथीचे तुम्हाला २६० मिळतात, ४२ रुपये सुटतात. ३०० ची नथ ठेवलीत तर मिळतात १९५, म्हणजे प्रत्येक नथीमागे २३ रुपये तुम्ही घरातून घालता. शिवाय माल अडकून पडतो. मी एका दुकानात २५ नग ठेवले होते. आठ महिन्यांनी १४ परत आले, त्यातले पाच काळवंडलेले. तेव्हापासून दुकानाला माल रोखीने, किमान दहा नग, आणि परत घेणार नाही, या अटीवरच देते.

भाव सगळीकडे एकच ठेवा. स्टॉलवर ४००, इन्स्टाग्रामवर ३५० असं दिसलं की तुमचं जुनं गिऱ्हाईक दुखावतं. घासाघीस होणारच, ती आपल्या रक्तात आहे. मी भाव कमी करत नाही. तीन नगांवर एक साध्या कुड्यांची जोडी भेट देते. तिचं सामान १५ रुपयांचं, आणि बाई हसत जाते.

कुठल्या प्रदर्शनात जायचं

सुरुवात सोसायटीच्या किंवा महिला मंडळाच्या एक दिवसाच्या प्रदर्शनापासून करा. भाडं कमी, चुका स्वस्तात होतात. पुण्यात डिसेंबरमधली भीमथडी जत्रा, मुंबईत जानेवारीअखेर-फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव अशा मोठ्या ठिकाणी महिने आधी अर्ज करावे लागतात, निवड होते. बचत गटात असाल तर महालक्ष्मी सरससारखी सरकारी प्रदर्शनं आहेत. त्यासाठी तालुक्याच्या ‘उमेद’च्या (बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या) कार्यालयात विचारा.

अनोळखी आयोजकाला आगाऊ पैसे देण्याआधी मागच्या वर्षी तिथे बसलेल्या दोन जणींशी फोनवर बोला. किती स्टॉल, त्यातले दागिन्यांचे किती, जाहिरात कुठे केली, प्रवेश फुकट की तिकीट, हे विचारा. मी एकदा ३० स्टॉलच्या प्रदर्शनात गेले, त्यातले १७ इमिटेशन ज्वेलरीचे होते. दोन दिवस आम्ही एकमेकींचे डबे खाल्ले. आता ‘दागिन्यांचे स्टॉल सहापेक्षा जास्त नकोत’ हे मेसेजवर लिहून घेते.

स्टॉल

सहा फुटी टेबल मिळतं, बहुतेकदा डुगडुगणारं. घडी केलेला पुठ्ठा पायाखाली घालायला न्या. टेबलावर जमिनीपर्यंत पोचेल असं एकरंगी कापड, म्हणजे खाली खोकी लपतात. माल सपाट मांडू नका, नजरेच्या उंचीला आणा. मी प्लायवूडच्या तीन पाट्यांवर हिरवं आणि तपकिरी खणाचं कापड ताणून बसवलं आहे. त्यावर नथी टोचून ठेवते. मोती खणावर उठून दिसतो, काळ्या मखमलीवर प्रत्येक धूलिकण दिसतो.

आरसे दोन हवेत. एक आरसा असला की रांग लागते आणि मागची कंटाळून जाते. हॉलमधले दिवे भगभगीत पांढरे असतात, त्यात मोती निळसर दिसतो. स्वतःचे दोन पिवळसर एलईडी आणि पाच मीटरचं एक्स्टेन्शन घेऊन जा.

प्रत्येक नगावर किंमत लिहा. आपल्याकडच्या पुष्कळ बायका भाव विचारायला संकोचतात. न विचारता पुढे जातात, आणि आपल्याला वाटतं तिला आवडलं नाही.

माझ्या सगळ्या युक्त्यांत सगळ्यात चालणारी युक्ती म्हणजे स्टॉलवर बसून काम करणं. मोबाइल बघत बसलात तर कोणी थांबत नाही. हातात पक्कड आणि अर्धवट नथ असली की लहान मुलं थांबतात, मुलांमुळे आया थांबतात. ‘हे तुम्ही स्वतः करता?’ हा प्रश्न आला की चारशे रुपयांचं उत्तर आपोआप मिळालेलं असतं. कोणाची जुनी कडी तुटली असेल तर तिथेच बसवून द्या, कुठल्याही दुकानातली असली तरी.

पैशांचं: सुटे घेऊन जा, किमती पन्नासच्या पटीत ठेवा. यूपीआयचा क्यूआर दोन ठिकाणी चिकटवा. तळघरातल्या हॉलमध्ये नेटवर्क मरतं, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं जवळ असू द्या. आणि गिऱ्हाइकाच्या फोनवरचा ‘पेमेंट सक्सेसफुल’चा स्क्रीनशॉट बघून माल देऊ नका. तुमच्या फोनवर किंवा साउंडबॉक्सवर पैसे आले की मगच. एका गर्दीच्या संध्याकाळी मी असे १,२०० रुपये घालवले आहेत, तेही एका अतिशय गोड बोलणाऱ्या मुलीपायी.

आता वहीबद्दल. टेबलाखाली एक वही ठेवा आणि तिचे दोन रकाने करा. पहिल्यात विकलेलं. दुसऱ्यात ‘हातात घेऊन परत ठेवलेलं’. हा दुसरा रकाना मी प्रदर्शनात जाण्याचं खरं कारण आहे. इन्स्टाग्राम तुम्हाला लाइक दाखवतं, पण बाईने बुगडी उचलली, कानाजवळ नेली, चेहरा पडला आणि परत ठेवली, हे दाखवत नाही. माझ्या वहीत एका प्रदर्शनात बुगडीपुढे २६ रेघा होत्या आणि विक्री तीन. विचारल्यावर कळलं की तरुण मुलींच्या कानाची वरची पाळी टोचलेलीच नसते. पुढच्या वेळी दाबाची बुगडी नेली. आज नथीखालोखाल तीच विकली जाते.

ऑनलाइन: प्रदर्शनातून घरी नेलेलं गिऱ्हाईक

उलटा क्रम लावणाऱ्या खूप भेटतात. आधी वेबसाइट, लोगो, डोमेन, वीस हजार खर्च, आणि मग शांतता. माझ्या ऑनलाइन विक्रीतल्या बहुतेक बायकांनी कधी ना कधी माझा दागिना हातात घेतलेला आहे, किंवा त्यांच्या जावेने घेतलेला आहे.

म्हणून स्टॉलवर विक्री झाली की विचारा, ‘नवीन काही केलं तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू का?’ हो म्हणाली तरच नंबर घ्या. आणि तिथल्या तिथे तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करून घ्या, कारण ब्रॉडकास्टचा (एकदम सगळ्या यादीला पाठवलेला) मेसेज तुमचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो. एका यादीत २५६ नंबर बसतात. मी याद्या गावावारी न करता आवडीवारी करते: नथवाल्या, मोतीवाल्या, हलव्याच्या दागिन्यांवाल्या. महिन्यातून दोनच मेसेज. रोज सुप्रभात पाठवणारीला लोक गुपचूप ब्लॉक करतात.

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग लावता येतो. किंमत, माप, वजन आणि ‘दाबाची की टोचलेल्या नाकाची’ हे प्रत्येक फोटोखाली लिहा. इन्स्टाग्रामवर ‘किंमत डीएममध्ये’ हा प्रकार मला आवडत नाही. आपण लपवतो आहोत असं वाटतं.

फोटो सकाळी नऊच्या सुमारास खिडकीशी काढा, थेट ऊन नको. तीन पुरेत: साध्या कापडावर एक, चेहऱ्यावर घातलेला एक, मागच्या बाजूचा एक. मागच्या बाजूचा फोटो कोणीच टाकत नाही, म्हणून तुम्ही टाका. रील करायची तर हात दाखवा, तार वळतानाचा. चेहऱ्याची हौस नसली तरी चालतं.

मोठ्या मार्केटप्लेसवर जाण्याआधी कमिशन, पाठवणी आणि परतीचा खर्च वरच्या हिशेबात घालून बघा. ४०० च्या नथीला तिथे बहुधा जागाच उरत नाही, हजाराच्या पुढच्या सेटला उरते. कॅश ऑन डिलिव्हरी मी बंद केली. दारात नाकारलेलं पार्सल जाण्या-येण्याचा दोन्ही वेळचा खर्च आपल्या अंगावर टाकतं.

पाठवणीसाठी डबीत डबी. बंद केल्यावर कानाशी धरून हलवा. आवाज आला तर परत उघडा. २०२५ मध्ये पोस्टाची रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टच करायचं. खेड्यापाड्यात मला खाजगी कुरियरपेक्षा तेच जास्त खात्रीचं वाटतं. नथ आणि कानातलं परत घेत नाही हे आधीच लिहून ठेवा, पण पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल आणि नग तुटला असेल तर दुसरा पाठवा, वाद घालू नका.

कागदपत्रं, थोडक्यात

उद्यम नोंदणी आधारवर, ऑनलाइन, फुकट होते. त्यासाठी पैसे मागणारी साइट सरकारी नाही. मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. लोक अजून त्याला गुमास्ताच म्हणतात. जीएसटीत, फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून असे छोटे विक्रेते नोंदणीशिवाय मार्केटप्लेसवरही विकू शकतात, मात्र राज्यातल्या राज्यातच आणि जीएसटीच्या पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन. राज्याबाहेर पाठवण्याचे नियम वेगळे आहेत, हस्तकलेला त्यात अटींसह सवलत आहे. तेवढ्यासाठी सीएची एक भेट घ्या. नोंदणी केलीत तर इमिटेशन दागिन्यांवर ३ टक्के कर लागतो.

वर्षाचं गणित

श्रावणात मंगळागौरीच्या नथी, मग गौरींचे दागिने. गौरीसाठी घेणाऱ्या बायका स्वतःसाठी घेताना करतात तेवढी घासाघीस करत नाहीत, हे माझं निरीक्षण. पितृपक्षात विक्री जवळजवळ शून्य. ते पंधरा दिवस दिवाळीचा साठा करायचे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. मे महिन्यानंतर पावसाळ्यात हवा दमट, दागिने काळवंडतात. प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

हलव्याच्या दागिन्यांच्या ऑर्डरी नोव्हेंबरातच घ्यायला लागा आणि डिसेंबर अखेर बंद करा. नव्या सुनेचा संक्रांतीचा सण आणि बाळाचं बोरनहाण, दोन्हींना तारीख चुकवून चालत नाही. अर्धे पैसे आगाऊ. हलवा दमट हवेत पाघळतो आणि मुंग्या त्याचा वास तीन मजल्यांवरून घेतात; तयार सेट हवाबंद डब्यात, डबा पाण्याच्या परातीत ठेवलेल्या पाटावर. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर ओल धरतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतल्या बायका हौसेने मागतात. मी त्यांना पांढऱ्या मण्यांचे, हलव्यासारखे दिसणारे सेट पाठवते आणि तसं स्पष्ट सांगते.

प्रदर्शन संपलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपा, हे मनापासून सांगते. मग चहा घेऊन वही उघडा. आधी दुसरा रकाना वाचा. माझ्या परवाच्या वहीत चिंचपेटीपुढे १९ रेघा आहेत आणि बाजूला मदतीला आलेल्या मुलीच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘गळ्याला घट्ट होते म्हणतात.’ आज मागची दोरी चार इंच वाढवायला घेतली आहे.